गौरम्मांचं पूज्य काम

सिद्रामप्पांची बायको घरात काडीचंही काम करत नाही, असं ज्या दिवशी त्यांना शास्त्राच्या आधारे समजलं, त्या दिवशी दुपारपर्यंत गौरम्मांनी पायलीभर ज्वारी दळली होती, आडाचं पाणी भरलं होतं, घरादाराच्या भाकरी थापल्या होत्या आणि माळवदावर सांडगे वाळत घालून त्या आता शेंगदाण्याची चटणी कुटायला बसल्या होत्या. पण शास्त्रापुढे बिचाऱ्या बाईमाणसाचं काय चालणार!

सिद्रामप्पांचं नव्या पेठेत लुगड्यांचं दुकान होतं. सकाळी गादीवर बसायचं, तक्क्याला टेकायचं, नोकराला बोटानं लुगडं दाखवायचं. तो ते उलगडायचा आणि गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरलं नाही की तोच पुन्हा घडी घालायचा. संध्याकाळी घरी आल्यावर पटका खुंटीला लावता लावता सिद्रामप्पा म्हणायचे, "दमलो बाबा!" त्यावर गौरम्मा विचारायच्या, "बसून बसून?" आणि मग जी जुंपायची ती जेवणं होईपर्यंत थांबायची नाही.

भांडणाचं मूळ म्हणाल तर जातं. पेठेच्या टोकाला तेलाच्या इंजिनावर फटफटणारी पिठाची गिरणी नुकतीच निघाली होती, आणि गौरम्मांना दळण तिथे टाकायचं होतं. त्यांचा उजवा खांदा हल्ली वर होत नव्हता. सिद्रामप्पांचं म्हणणं, गिरणीच्या पिठाची भाकरी जळकी लागते, तिला रॉकेलचा वास मारतो, आणि जातं वढायचं म्हणजे असं काय मोठं काम आहे? या घरात लाडाचं बोलणं कानडीतून चाले आणि भांडण मराठीतून. त्यामुळे भिंतीपलीकडे कुठली भाषा ऐकू येते, त्यावरून शेजाऱ्यांना आतली हवा कळायची. अलीकडे बरीच वर्षं मराठीच ऐकू येत होती.

तर शास्त्र समजलं ते असं. पेठेतली वजनदार असामी म्हणून सिद्रामप्पांना एका मराठी शाळेच्या कमिटीचं अध्यक्ष केलं होतं. ते स्वतः मराठी चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळे अधूनमधून शाळेत जाऊन एखाद्या वर्गात मागे खुर्ची टाकून बसणं हे ते आपलं कर्तव्य समजत. तिथे त्यांना झोपही छान लागे.

त्या दिवशी सातवीच्या वर्गावर महिपतीमास्तर होते. मास्तर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेले, अंगानं काटकुळे, बोलणं पुस्तकातल्यासारखं, आणि शिकवायला लागले की मागे अध्यक्ष बसलेत की कोण बसलंय याचं भान नाही. म्हणूनच अजून त्यांना शाळेत कायम केलेलं नव्हतं.

"मुलांनो, जोर लावला म्हणजे काम झालं असं नव्हे," मास्तर म्हणत होते. "जोर लावला आणि वस्तू हलली, तरच काम. उठा सगळे! त्या भिंतीला रेटा!"

वर्ग भिंतीला भिडला. टोप्या पडल्या, गुंड्या तुटल्या, एकाच्या पायावर दुसरा नाचला. भिंत आपली होती तिथेच.

"घाम आला?"

"आला, गुर्जी!"

"भिंत हलली?"

"न्हाय, गुर्जी!"

"मग काम किती झालं?"

"पूज्य!" अख्खा वर्ग ओरडला.

शून्याला तेव्हा शाळेत पूज्यच म्हणत. त्या ओरड्यानं सिद्रामप्पा दचकून जागे झाले.

"शाबास. आता समजा, हमाल डोक्यावर पोतं घेऊन दिवसभर नुसता उभा राहिला, तर त्याचं काम?"

"पूज्य!"

सिद्रामप्पांची झोप साफ उडाली. हमालाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम घरचं जातं फिरायला लागलं. गरगर गरगर फिरतं, पण जातं कुठे? खुंटा निघाला तिथेच परत येतो! वर्षानुवर्षं फिरतंय आणि त्या कोपऱ्यातून वीतभर सरकलेलं नाही! म्हणजे बायको रोज दळदळ दळते, खांदा दुखला म्हणते, आणि शास्त्राच्या हिशेबी काम किती? अहो, पूज्य! इतकी वर्षं आपण उगाच घसा फोडत बसलो, इकडे छापील पुस्तकात उत्तर तयार होतं. मास्तर पुढे 'घर्षण' असं काहीतरी फळ्यावर लिहीत होते, पण ते ऐकायला सिद्रामप्पा थांबले नाहीत. पटका सावरत ते उठले आणि दुकानावर न जाता थेट घरी आले.

"अगं ए! हिकडं ये, बाहेर ये!" त्यांनी ओसरीवरूनच आरोळी दिली, अर्थात मराठीत.

गौरम्मा हातातला बत्ता घेऊनच बाहेर आल्या. "काय झालं? दुकानाला आग लागली का काय?"

"आग न्हाय. शास्त्र घावलंय. आत्ता शाळेतनं आयकून आलो. मोठं शास्त्र हाय, छापलेलं."

"मग मला काय त्येचं?"

"तुलाच हाय त्येचं! तुजं ते जातं वढायचं काम हाय न्हवं? शास्त्र काय म्हणतंय ठावं हाय? ते पूज्य हाय. पूज्य! मी न्हाय म्हणत, शास्त्र म्हणतंय. आता बोल की!"

गौरम्मांनी बत्ता हळूच खाली ठेवला.

आता इथे एक सांगायला हवं. गौरम्मा शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. मराठी त्यांनी बाजारात उचललेली. त्यांच्या माहेरच्या कानडीत शून्याला म्हणतात सोन्नी. आणि पूज्य म्हणजे पूजेच्या लायकीचं, मठातल्या स्वामींच्या नावाआधी लावायचा शब्द. त्यात शास्त्र म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे पोथीच आली, आणि रोजचं काम हेच कायक, हीच शिवाची पूजा, हे तर त्या लहानपणापासून मठात ऐकत आलेल्या. थोडक्यात काय, सिद्रामप्पा बोलले मराठीत आणि गौरम्मांनी ऐकलं कानडीत.

"अय्य शिवने!" म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "इतक्या वर्सांनी कळलं व्हय तुमाला?"

"मला आधीपासनंच ठावं होतं," सिद्रामप्पा छाती काढून म्हणाले. "आज पुरावा घावला."

"आधीपासनं? मग बोलला न्हाय कदी?"

"बोलत हुतोच की रोज! तू कुटं ऐकून घेत हुतीस?"

गौरम्मा रडता रडता हसल्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटल्या. त्या दिवशी संध्याकाळी पानावर होळगी होती. होळगी म्हणजे पुरणपोळी, एरवी फक्त सणावाराला होणारी. आणि तिच्यावर तूप असं, की खालची पोळी दिसेना. सिद्रामप्पा जेवता जेवता बुचकळ्यात पडले. हरलेलं माणूस इतकं तूप वाढतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शास्त्रात काय ताकद असते बघा, असं म्हणून त्यांनी आणखी एक होळगी मागून घेतली.

सकाळी उठून बघतात तर जात्यावर विभूतीचे तीन पट्टे, खुंट्याला झेंडूचं फूल, आणि गौरम्मा गाणं म्हणत दळतायत. खांद्याचं नावसुद्धा नाही. सिद्रामप्पांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. ते हळूच दुकानावर सटकले.

दुकानात शेजारचा व्यापारी शिवपुत्र वाट बघत बसला होता. त्याचं तोंड उतरलेलं. "सिद्रामप्पा, पेठेत ह्ये काय नवीन काढलंय तुमी? आमच्या हिनं सकाळी च्या दिला न्हाय. म्हणती, सिद्रामप्पांनी बायकूचं काम शास्त्रातनं पूज्य ठरवलं, तुमी कदी ठरवणार?"

"मग? ती चिडली व्हय?"

"चिडंल न्हाय तर काय? तुमच्या ह्यांनी आडावर सगळ्या बायकांना सांगितलंय. 'आमचं मालक म्हणाले, तुजं काम पूज्य हाय, स्वामींच्या पायासारखं पूज्य हाय.' आता आमी काय करायचं? रोज उठून बायकूची आरती करायची?"

सिद्रामप्पांच्या हातातलं पान तसंच राहिलं. शिवपुत्र कानडी शाळेत शिकलेला, त्यालाही पूज्य म्हणजे पूज्यच वाटत होतं. उलगडा झाला तो एकट्या सिद्रामप्पांना. सोन्नी म्हणावी म्हणून गेलो आणि पूजा बांधून आलो! त्यांनी मनात ठरवलं, संध्याकाळी घरी जायचं आणि काय ते स्वच्छ सांगून टाकायचं. बायकोच्या डोक्यावर असा खोटा मुकुट ठेवणं बरं नव्हे. आणि हा मुकुट ठेवणारे आपण, ही तर सहन होण्याजोगी गोष्ट नव्हतीच.

पण संध्याकाळी गल्लीत शिरतात तो म्हातारी ईरम्मा वाकून त्यांच्या पाया पडली. "पोरा, नवरा असावा तर असा. माजा म्हातारा मेला, पर त्याच्या तोंडातनं कदी 'बरं झालंय' सुदिक निघालं न्हाय." गल्लीतल्या बायका दारादारातून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि ते बघणं काही वाईट नव्हतं. सिद्रामप्पांनी नकळत मिशीवरून हात फिरवला. खरं सांगायचं ते उद्यावर गेलं.

असे चार-पाच उद्या गेले, आणि एक दिवस गौरम्माच निरोप घेऊन बसल्या होत्या. "आयकलं का? अक्कलकोटास्नं तिप्पण्णांचा माणूस आलता. रयवारी सगळी येतायत, आपल्या रत्नम्माला बगायला!"

तिप्पण्णांचं स्थळ म्हणजे काय सांगावं! जमीन, घर, मुलगा सुस्वभावी, आणि लेकीला, रत्नम्माला, तो मठाच्या जत्रेत पाहिल्यापासून पसंत. पोरगी तोंडानं बोलत नव्हती, पण अक्कलकोटचं नाव निघालं की तिच्या हातून भांडं पडायचं. सिद्रामप्पांनी या स्थळासाठी चपला झिजवल्या होत्या. अडलं होतं ते मुलाच्या आईपाशी, मल्लव्वापाशी. त्यांनी साफ सांगितलं होतं, "त्या घरात नवरा-बायकूचं भांडण पेठंभर आयकू येतंय. पोरगी तसलीच निघंल. नगं."

"मग आता कशा तयार झाल्या?"

"ईरम्माची भण हाय की अक्कलकोटात! तिनं सांगितलं सगळं. मल्लव्वा म्हणाल्या, ज्या घरात बायकूच्या कामाला पूज्य म्हणत्यात, त्या घरची पोरगी डोळं झाकून करते. फकस्त येक म्हणाल्या, त्या शास्त्राचे मास्तर हायत न्हवं, त्यांच्या तोंडानं ते शास्त्र आयकायचंय. तर मास्तरांना बी रयवारी जेवाय बोलवा."

खरं सांगणं सिद्रामप्पांच्या अगदी जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळून टाकलं. आता ते बाहेर पडलं तर पोरीचं लग्न मोडणार. आतल्या खोलीत काहीतरी खणकन पडलं. रत्नम्मा ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी ते घाईघाईनं शाळेत गेले आणि मास्तरांना कोपऱ्यात घेतलं. बोलवायचं नव्हतंच, पण बोलावलं नाही तर गौरम्मा स्वतः बोलावणं धाडणार. तेव्हा मास्तरांना आधी पढवून ठेवावं, असा त्यांचा बेत होता.

"मास्तर, रयवारी जेवाय या. पण येक करा. तितं बायका काय इचारतील, तर येवढंच म्हणा, 'बायकांचं जात्यावरचं काम पूज्य.' फुडं येक अक्षर न्हाय."

मास्तरांनी चष्मा पुसला. "पण अध्यक्षसाहेब, ते चूक आहे."

"चूक? तुमीच तर म्हणाला, वस्तू हलली न्हाय की काम पूज्य!"

"जातं हलतं की! वरची पाळी खालच्या पाळीवर घासते, मध्ये धान्य भरडलं जातं. ते घासणं म्हणजेच घर्षण. प्रत्येक फेऱ्याला ते हटवावं लागतं. जोर ज्या दिशेला, त्याच दिशेला खुंटा फिरतो. जागेवर परत आला म्हणून केलेलं काम वाया जात नाही. किंबहुना जात्यावर भयंकर काम होतं! तुम्ही त्या दिवशी घर्षणाच्या आधीच उठलात."

"बरं, झालं असंल भयंकर. पण तुमी पूज्य म्हणा की! तुमचं काय जातंय?"

"असत्य मी बोलणार नाही. पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे."

"मास्तर, तुमचं कायम व्हायचं ऱ्हायलंय न्हवं अजून?"

"हो. पण त्याचा घर्षणाशी काय संबंध?"

सिद्रामप्पांनी कपाळाला हात लावला. "मग येऊच नका. घरला ऱ्हावा. अक्कलकोटच्या बायका आपल्या उगंच शास्त्र आयकायचं म्हणत्यात..."

इथेच घोटाळा झाला. महिपतीमास्तरांच्या आयुष्यात आजवर त्यांचं पदार्थविज्ञान आपण होऊन ऐकायला कोणी मागितलं नव्हतं. मुलं ऐकत ती छडीच्या धाकानं. आणि इथे अक्कलकोटाहून माणसं येणार होती! मास्तरांचे डोळे चमकले. "येतो तर! अवश्य येतो. खडू घेऊनच येतो," ते म्हणाले.

रविवार उजाडला. तिप्पण्णा आले, मल्लव्वा आल्या. "बर्री, बर्री, या, या," करत गौरम्मांनी पाय धुवायला पाणी दिलं. जात्याला आज ताजी विभूती होती. मल्लव्वांनी ते बघून गौरम्मांचे हात हातात घेतले. रत्नम्मानं पानं मांडली ती एकही भांडं न पाडता, आणि मल्लव्वांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा सिद्रामप्पांच्या जिवात जीव आला. तिप्पण्णा अंगानं भरदार, खाण्याचे शौकीन, आणि सिद्रामप्पांकडे बघून उगाचच मिशीत हसणारे. ते का हसतात, हे सिद्रामप्पांना कळेना. एवढ्यात कोटाच्या खिशाला खडूचा पांढरा डाग घेऊन मास्तर दारात उभे.

पुरुषांची पंगत बसली. स्वयंपाकघराच्या दारात गौरम्मा होळग्यांचं ताट घेऊन, मल्लव्वा उंबऱ्याशी पाटावर. मल्लव्वांनीच विषय काढला. "मास्तर, तुमी कसलं शास्त्र शिकिवता म्हणं?"

"पदार्थविज्ञान."

"बरं केलंय! पदार्थ म्हंजे सांडगे, होळगी ह्येचंच न्हवं?"

"नव्हे नव्हे. जोर, गती, काम, यांचं शास्त्र."

"व्हय, तेच. मग आमाला सांगा, आमचं जात्यावरचं काम तुमच्या शास्त्रात पूज्य हाय न्हवं?"

सिद्रामप्पांनी मास्तरांकडे बघून डोळा मारला. मास्तरांना वाटलं, अध्यक्षांच्या डोळ्यात कटाची आमटी उडाली.

"पूज्य?" मास्तर ताठ बसले. "कोण म्हणतो पूज्य? बायकांचं काम मुळीच पूज्य नाही! ज्यानं हे सांगितलं त्याला शास्त्रातलं काही कळत नाही!"

गौरम्मांच्या हातातलं ताट वाकडं झालं. मल्लव्वा पाटावरून अर्ध्या उठल्या. तिप्पण्णांनी मात्र पंचा तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते.

"मास्तर, आमटी घ्या, आमटी!" सिद्रामप्पा ओरडले.

"थांबा, अध्यक्षसाहेब, यांचा गैरसमज दूर व्हायला हवा. हे बघा बाई, पूज्य काम कोणाचं ते मी सांगतो. यांचं!" मास्तरांनी होळगीचा तुकडा धरलेलं बोट सिद्रामप्पांकडे केलं. "दिवसभर गादीवर बसतात, यांच्या जोरानं तसूभर काही हलत नाही. यांच्याइतकं पूज्य काम सबंध नव्या पेठेत कोणाचं नसेल!"

"अस्सं!" गौरम्मांचा आवाज चढला, आणि तो मराठीत चढला. "बसून खाणाऱ्याचं काम पूज्य, आन राबणारीचं न्हाय? मास्तर, माज्या हातचं जेवताय आन मलाच बोलताय? लाज न्हाय वाटत? उठा! उठा पानावरनं!"

मास्तर गांगरले. "अहो, मी तुमच्याच बाजूनं बोलतोय! तुमचं काम पूज्य नाही, म्हणजे फार मोठं आहे!"

"पुन्ना तेच! आवं, तुमी बोला की काय तरी! घरात येऊन ह्यो माणूस बायकूचा अपमान करतोय, आन तुमी भात कालवताय?"

सिद्रामप्पा काय बोलणार? मास्तरांना हाकलावं तर निरपराध माणूस उपाशी उठतो. त्यांची बाजू घ्यावी तर पूज्य म्हणजे काय ते सांगावं लागतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रत्नम्माकडे त्यांची नजर गेली. पोरगी पांढरीफटक पडली होती. सिद्रामप्पांना आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच घाम फुटला.

तेवढ्यात मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि पानाशेजारच्या शहाबादी फरशीवर एक भलंमोठं वाटोळं काढलं. "हे बघा! याला म्हणतात पूज्य!"

गौरम्मा वाकल्या. अक्षर त्यांना येत नव्हतं, पण बाजारात फिरणाऱ्या बाईला आकडे येतात.

"ही तर सोन्नी," त्या म्हणाल्या.

"सोन्नी म्हणा, शून्य म्हणा, पूज्य म्हणा. काही नाही, असा अर्थ."

गौरम्मांनी त्या वाटोळ्याकडे पाहिलं, जात्यावरच्या विभूतीकडे पाहिलं, आणि मग सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर सिद्रामप्पांना सवय होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला, मेळ्यात हात सुटलेल्या पोरीसारखा. "मला वाटलं..." एवढं म्हणून त्या आत गेल्या. सिद्रामप्पांना धरणी ठाव देईना.

तिप्पण्णांचा पंचा मात्र तोंडातून निसटला आणि ते खो खो हसत सुटले. "काय सिद्रामप्पा! मी चौथीला हुतो तवापासनं मला ठावं हाय पूज्य म्हंजे काय! अक्कलकोटात आयकलं तवाच म्हटलं, भले बहाद्दर!"

"थांबा," मल्लव्वा म्हणाल्या.

तिप्पण्णा थांबले.

"तुमाला ठावं हुतं?"

"म्हंजे... तसं..."

"गेल्या सोमवारी मी म्हटलं, तुमी बी म्हणा की माजं काम पूज्य हाय. तर तुमी लगेच म्हणाला. वर आन म्हणाला, 'तुजं काम पयल्यापासनंच पूज्य हाय, मल्लव्वा, आन तुज्या आईचं बी पूज्यच हुतं.' मी आईच्या फोटूला हार घातला, वो!"

तिप्पण्णांनी खाली मान घालून होळगीकडे बघितलं. मल्लव्वा उठल्या, पदर खोचला आणि गौरम्मांच्या मागोमाग आत गेल्या. रत्नम्माही गेली. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

बाहेर तीन पुरुष पानांवर बसून राहिले. भात संपला होता. वाढायला कोणी नव्हतं. मास्तरांनी खालच्या आवाजात घर्षणाचे प्रकार सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिप्पण्णा म्हणाले, "मास्तर, आता जरा गप बसा." आतून आधी एक हुंदका आला, मग दोन्ही बायकांचं कानडी बोलणं, आणि मग, सिद्रामप्पांचा कानावर विश्वास बसेना, हसणं. आधी एकीचं, मग दुसरीचं, मग बारीक आवाजातलं रत्नम्माचं. ते हसणं ऐकून सिद्रामप्पांना जास्तच भीती वाटली.

दार उघडलं. मल्लव्वा पुढे, गौरम्मा मागे.

"सोयरीक पक्की," मल्लव्वा म्हणाल्या. "माज्यासारकाच नवरा जिच्या वाट्याला आलाय, तिची पोरगी मला परकी न्हाय. लगीन पौर्णिमेला, हितंच. आन रत्नम्मा आमच्याकडं जातं वढणार न्हाय. दळण गिरणीत जाईल. हितलं बी आन तितलं बी."

"पर मल्लव्वा," तिप्पण्णा कळवळले, "गिरणीच्या पिठाची भाकरी..."

"तुमाला कुणी इचारलंय?"

"आन दळण गिरणीत न्यायचं कुणी?" सिद्रामप्पांनी चाचरत विचारलं.

गौरम्मा पहिल्यांदा बोलल्या, आणि कानडीत नव्हे. "तुमी. सोताच्या डोक्यावरनं. नोकर न्हाय धाडायचा. आन मास्तरांना उद्याच्या उद्या शाळेत कायम करायचं. खरं बोलणारा येकच माणूस हुता ह्या पंगतीत, त्याला मी पानावरनं उठवत हुते. मास्तर, बसा, होळगी वाढते."

मास्तरांनी सहा होळग्या खाल्ल्या. बाकीच्या दोघांना कोणी आग्रह केला नाही.

पुढच्या दिवसांत लग्नाची धांदल उडाली. मंडप कुठे, आचारी कोण, लुगडी कोणती, सगळं गौरम्मा आणि मल्लव्वा यांच्यात परस्पर ठरलं. लुगडी सिद्रामप्पांच्याच दुकानातली, पण निवडली ती बायकांनी येऊन. सिद्रामप्पांनी एकीकडे बोट दाखवलं तर दुसरीकडचं काढलं. घरातून भांडणाचा आवाज मात्र बंद झाला. कानडी अजून सुरू झाली नव्हती, पण मराठीही थांबली होती, आणि सिद्रामप्पांना ही शांतता भांडणापेक्षा जड वाटत होती. एकदा दुपारी गौरम्मा झोपल्या असताना त्यांनी गुपचूप जात्याचा खुंटा धरून दोन-चार फेरे ओढून पाहिले. मग बराच वेळ ते आपला खांदा चोळत बसले होते.

आठवड्याचं दळण घेऊन ते गिरणीवर गेले, तेव्हा तिथे बायकांची ही रांग. डोक्यावर ज्वारीची बुट्टी घेतलेले नव्या पेठेतले शेठ बघून बायका बाजूला सरकल्या. पुढे शिवबाई उभी होती, होटगीकडची, घरी कानडी बोलणारी मोलकरीण, मालकाच्या घरचं दळण घेऊन आलेली.

"पोरीचं लगीन काढलंय म्हणं, शेठ? लई थाटाचं करताय म्हणं. समदं तुमीच ठरिवलं असंल की?"

सिद्रामप्पांना खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. माणसानं एकदा तरी खरं बोलावं, असं वाटून त्यांनी सरळ सांगून टाकलं, "न्हाय बाई. ह्यात माजं काम पूज्य हाय."

शिवबाईनं आपली बुट्टी खाली ठेवली आणि भक्तिभावानं हात जोडून त्यांच्यापुढे मान लववली. रांगेतल्या इतर बायकांनीही हात जोडले. डोक्यावर बुट्टी धरलेली असल्यामुळे सिद्रामप्पांना उलट नमस्कार करता आला नाही.